ठाण्यात मराठी घरांमध्ये टॅटूबद्दल लोकांचं मत काय असतं? हातावर काढू का?

टॅटू कुठे आहे यावर मत ठरतं. दंडावर, बाहीखाली झाकला जाणारा असेल तर घरचे थोडे दिवस कुरकुरतात. मानेवर असेल तर गोष्ट थेट लग्नाच्या बोलण्यापर्यंत जाते, विशेषतः मुलगी असेल तर. हा दुजाभाव मला अजिबात पटत नाही.

त्याहून जास्त खटकतं ते 'आपल्यात असलं काही नव्हतं' हे वाक्य. अहो, आपल्याच आज्यांच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं, हातावर तुळस होती! याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडच्या ठाकर, कातकरी म्हाताऱ्यांच्या हातांवर ते आजही दिसतं.

नोकरीचं म्हणाल तर ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत सहसा कोणी विचारत नाही. सैन्यात जायचं असेल तर मात्र आधी नियम वाचा. तिथे कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि तळहाताच्या मागे एवढाच चालतो. आदिवासी उमेदवारांना परंपरेमुळे सवलत आहे.

लोकांच्या मतापेक्षा सुईची काळजी करा. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही दूषित सुईतून पसरू शकतात, म्हणूनच टॅटूनंतर आपल्याकडे 12 महिने रक्तदान करता येत नाही. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, शाईही नव्या छोट्या कपात घ्यायला सांगा. स्वस्तात मिळतोय म्हणून जत्रेत तर मुळीच काढू नका. आणि शक्यतो काळ्या शाईतच काढा, कारण पुढे नकोसा झालाच तर लेझरने काळा रंग इतर रंगांपेक्षा सोपा निघतो.