वाचकांचे प्रश्न : मेथ सोडल्यावर रक्ताचे रिपोर्ट कसे वाचावेत?

प्रश्न : धाकटा भाऊ चार वर्षं मेथ (मेथॲम्फेटामिन, उत्तेजना देणारा अमली पदार्थ) ओढत होता. सोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. उपाशीपोटी साखर ११४, एसजीओटी ९६, एसजीपीटी ३८. आता तीन आठवडे झाले, दिवसभर खात असतो. त्याला डायबिटीस झालाय का? लिव्हर गेलं का?
– एक बहीण

उत्तर : या एका रिपोर्टवरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही; रक्त फार लवकर दिलं गेलं. मेथचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच दहा-बारा तास लागतात. तोवर नॉरॲड्रेनॅलिन (शरीराला उत्तेजित ठेवणारं रसायन) चढलेलं असतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत राहतं, चरबी फुटून मेदाम्लं मोकळी होतात. त्यात जागरणं, म्हणजे इन्सुलिनचा असर आणखी कमी. आता नीट झोप होते आहे, तर आठ ते दहा तास उपाशी राहून साखर पुन्हा तपासा. १२६ च्या खाली पण १०० च्या वर राहिली, तर तो डायबिटीसच्या आधीचा टप्पा. सोबत एचबीएवनसी करा. ते मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देतं. ॲनिमियात ते फसवतं, म्हणून हिमोग्लोबिनही बघा.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींतली एन्झाइम्स. एसजीपीटी मुख्यतः यकृतातून येतं, एसजीओटी स्नायूंतूनही. एसजीपीटी जागेवर आणि एसजीओटी एकटंच चढलेलं, असं दिसलं की स्नायूंवर संशय घ्यावा. नशेत अंग तापतं, माणूस तासन्‌तास हलत राहतो, पाणी पीत नाही. स्नायूंच्या पेशी फुटतात. तेव्हाच सीपीके (स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम करायला हवं होतं. सीपीके कमाल मर्यादेच्या पाचपटीवर गेलं, तर किडनीला धोका असतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. आता सीपीके करून उपयोग नाही, ते आठवडा-दहा दिवसांत उतरतं. एसजीओटी मात्र पुन्हा करा. अजून चढलेलंच असेल तर यकृताकडे वळावं लागेल. दारूनेही एसजीओटी असंच एसजीपीटीच्या दुपटीहून वर जातं, तेव्हा तो पीत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कधी सुईने घेतलं असेल, तर एसजीपीटी नॉर्मल असूनही हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या हव्यातच.

ही भूक अपेक्षितच आहे. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि वजन बघा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, वाढायला लागतात ते याच काळात.

ज्यांच्या घरी कुणी नुकतंच सोडलंय, त्यांच्यासाठी : पाच दिवसांहून जास्त पोटात जवळजवळ काही नसेल, तर एकदम भरपूर खायला घालू नका. इन्सुलिन वाढताच फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि रक्तात कमी पडतं. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्यापर्यंतच अन्न, त्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी१), हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पाय सुजले, धाप लागली, बोलण्यात गोंधळ झाला तर न थांबता हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : चयापचयाची महागडी चाचणी करून ‘किती वर्षांचं व्यसन’ हे कळतं का?

उत्तर : नाही. संशोधनात अमिनो आम्लं, मेदाम्लं आणि पेशींच्या ऊर्जाचक्रातले घटक बदललेले दिसतात, पण उपास, जागरण, तंबाखू, घटलेलं वजन यांनीही ते हलतात. तो पैसा वरच्या साध्या तपासण्या दोनदा करण्यात घाला.