सेक्शन कंट्रोलरचं प्रेशर झेपेल का?

तासगावच्या पोराने विचारलंय की २०२५ पासून रेल्वेत सेक्शन कंट्रोलरची, म्हणजे ऑफिसात बसून एका पट्ट्यातल्या गाड्यांचा क्रम ठरवणाऱ्याची, थेट भरती निघायला लागली, लेव्हल ६ म्हणजे ३५,४०० बेसिक, पण सगळे म्हणतात डोक्याला लय ताप आहे, तर फॉर्म भरू का. मी आधी स्टेशन मास्तर होतो, मग कंट्रोलला गेलो, पुणे-मिरज लाईन बघितली, तेव्हा बराच भाग सिंगल लाईनच होता.

भावा, खरा त्रास हा की गाडी तुला दिसतच नाही. समोर चार्ट, एकीकडे वेळ, दुसरीकडे कोरेगाव, रहिमतपूर, मसूर अशी स्टेशनं, आणि कानाला फोन. सिग्नल मास्तरच्या हातात, तू फक्त कोण लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाईनीला, थांबणार अन् कोण आधी सुटणार एवढं ठरवायचं, पण गाडी लेट झाली की पहिला जबाब तुझा.

उसाच्या सीझनमधलं सांगतो. सिंगल लाईनवर समोरून येणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला वाट द्यायला, म्हणजे क्रॉसिंगसाठी, मालगाडी ताकारीला लूपला घेतलेली, आणि कराडकडच्या एका स्टेशनचा मास्तर म्हणतो गेट लागत नाही, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर फाटकात बंद पडलाय. फाटक इंटरलॉक, म्हणजे सिग्नलला जोडलेलं, ते लॉक झाल्याशिवाय सिग्नल देताच येत नाही. तेवढ्यात मालगाडीचा पायलट (ड्रायव्हर) विचारतो ड्युटीचे तास भरत आलेत, बदली माणूस कुठंय, इंजिनिअरिंगवाले ब्लॉक, म्हणजे कामासाठी लाईन बंद, मागतायत, साहेब मागे येऊन उभे. अशा वेळी तोंडात येतं, "मास्तर, आटपा की लवकर." हे अजिबात बोलायचं नाही. मास्तरला गेटमनशी बोलायचं असतं, प्रायव्हेट नंबर (फाटक बंद झाल्याची खात्री देणारा गुप्त आकडा) घ्यायचा असतो, लाईन क्लिअर (पुढची लाईन मोकळी असल्याची परवानगी) बघायची असते, आणि आपल्या घाईत त्याची एक पायरी जरी सुटली तरी गाडीत माणसं बसलेली असतात. एकदाच विचारायचं, काय लागेल ते द्यायचं, आणि तोवर मालगाडी भवानीनगरपर्यंत पुढे सरकवून क्रॉसिंग तिथं करता येतं का ते बघायचं.

काम इंटेन्सिव्ह, म्हणजे सतत ताणाचं, धरतात म्हणून ड्युटी सहा तासांची, पण त्या सहा तासांत जेवणसुद्धा एका हाताने होतं. पाळ्या बदलत्या, झोपेचे वांधे, घरच्यांना आधीच सांगून ठेव.

फॉर्म भर बिनधास्त. ट्रेनिंगला लाईनवर पाठवतील तेव्हा कुठला लूप केवढा, फाटक कुठं, चढ कुठं सगळं वहीत लिहून घे. आदर्कीच्या घाटात जड मालगाडी वेळ खाते, तो हिशोब चुकला की साताऱ्यापर्यंतची सगळी क्रॉसिंगं कोलमडतात.