संगणकपटांमागचे कलावंत

प्रश्न : अ‍ॅनिमेशनपट आता संगणकावर तयार होतात. मग एका चित्रपटासाठी शेकडो माणसांना कित्येक वर्षे का खपावे लागते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : संगणक गणित करतो; पात्राने कुठे थबकावे, आधी नजर वळवावी की मान, हे त्याला ठाऊक नसते. ते अ‍ॅनिमेटर ठरवतो, आणि त्यासाठी अनेकदा आरशासमोर उभा राहून तो प्रसंग स्वतः करून पाहतो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रे, सरकत असल्यामुळे पापणीची साधी उघडझापही मोजक्या चौकटींत बसवावी लागते; ती थोडी लांबली, तरी सावध पात्र पेंगुळलेले दिसू लागते. माझ्या मते हा निखळ अभिनयच आहे.

१९९५ साली पिक्सार या अमेरिकी अ‍ॅनिमेशन स्टुडिओने ‘टॉय स्टोरी’ हा पूर्ण लांबीचा पहिला संगणक-अ‍ॅनिमेशनपट आणला, तेव्हा खेळण्यांची कथा सोयीचीही होती, कारण त्या काळच्या तंत्राला प्लास्टिक चांगले साधे, त्वचा आणि केस मात्र अवघड जात. पुढे २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इन्क.’मधील सली या केसाळ राक्षसाच्या अंगावर सुमारे २३ लाख केस आले. ते एकेक करून हलवणे अशक्यच होते, म्हणून अंगाच्या हालचालीबरोबर ते कसे वाकतील आणि हेलकावतील याची गणिते प्रोग्रॅममध्ये बांधावी लागली; त्याच्या चालीतले अवजडपण आणि चेहऱ्यावरची माया मात्र अ‍ॅनिमेटरांनीच घडवली.