घर विंडसरला, नोकरी डेट्रॉइटला

प्रश्न : मी अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये एच-१बीवर (तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर) नोकरी करतो. कॅनडाचा पीआर (कायम रहिवासाचा दर्जा) मिळाला आहे. नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला राहून रोज ये-जा केली, तर पीआर टिकेल का? दिवसभर तर मी अमेरिकेतच असणार.

उत्तर : टिकेल. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असावे लागते, पण दिवसातला थोडा वेळ जरी तिथे गेला तरी पूर्ण दिवस धरतात. सकाळी निघून रात्री परतलात, तो दिवस जमेत. शुक्रवारी गेलात, रात्री डेट्रॉइटलाच राहिलात आणि शनिवारी परतलात, तरी दोन्ही दिवस जमेतच. वजा होतात ते अख्खे बाहेर गेलेले दिवस. म्हणून भारतातल्या लांब सुट्ट्यांचा हिशेब नीट ठेवा.

पाच वर्षं पीआर कार्डावरच्या तारखेवरून मोजत नाहीत, तपासणीच्या दिवसापासून मागे मोजतात. घोळ होतो तो इथे. कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर जात नाही आणि मुदत बाकी आहे म्हणून दिवस पुरे झाले असंही नाही.

पुराव्याचं मात्र मनावर घ्या. सीमेवरच्या रस्त्याच्या नाक्यावर पासपोर्टला शिक्का सहसा बसत नाही. अमेरिकेत शिरल्याची नोंद कॅनडाला जाते आणि तीच तिथून बाहेर पडल्याची नोंद ठरते. हा प्रवासाचा तपशील सीबीएसएकडून (कॅनडाच्या सीमा सेवा खात्याकडून) मागवून आपल्या टिपणाशी ताडून पाहा. घराचा भाडेकरार, विजेची बिलं, डेट्रॉइट-विंडसर बोगद्याच्या टोलच्या पावत्या जपून ठेवा.

पासपोर्टवरचा एच-१बी व्हिसा चालू हवा. मुदत संपलेल्या व्हिसावर, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची व मुक्कामाच्या मुदतीची नोंद) वैध असेल तर, कॅनडात ३० दिवसांपर्यंत जाऊन परत येण्याची सवलत आहे. रोजच्या ये-जासाठी तिच्यावर विसंबू नये. शिवाय विंडसरला घर केलंत की कॅनडात जगभरच्या उत्पन्नाचं विवरणपत्र भरावं लागतं. अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट तिथे मागता येते.

प्रश्न : माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. मीही असंच केलं तर?

उत्तर : इथे हिशेब उलटा. अमेरिका नुसते दिवस मोजत नाही, घर कुठे आहे ते पाहते. नुसतं रोज नाका ओलांडणं पुरत नाही. आय-९० (ग्रीन कार्ड बदलून घेण्याचा) अर्ज भरून ‘कम्यूटर’ म्हणजे शेजारच्या देशात राहून अमेरिकेत कामाला येणाऱ्याचा दर्जा घ्यावा लागतो. सलग सहा महिने अमेरिकेत नियमित नोकरी नसेल तर दर्जा जाऊ शकतो. आजारपणासारखं कारण किंवा आधीच्या १२ महिन्यांत ९० दिवसांचं काम दाखवता आलं तरच सूट. या काळातला मुक्काम नागरिकत्वासाठी धरत नाहीत. परत अमेरिकेत राहायला गेलात की पुन्हा आय-९० भरून कार्ड बदलून घ्या.