फुगा कुणाच्या हातून फुटणार?

या वेळच्या टपालात फुग्यांची पत्रं जास्त आहेत. वाढदिवस असो की सोसायटीचा गणपती, खेळ साधारण एकच विचारलाय: मुलांनी पाळीपाळीने बटण दाबायचं किंवा दोरी ओढायची, कुणाच्या तरी पाळीला फुगा फुटतो आणि त्याच्यावर राज्य येतं. काही प्रश्न सारखे होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत मुलांनी पाळीपाळीने हातपंपाने हवा भरायची, ज्याच्या हातून फुटेल तो बाद, असा खेळ ठेवायचा आहे. त्यासाठी वेगळं यंत्र कशाला हवं? (मुलुंड)

उत्तर : दिसायला हाच खेळ सोपा, पण खरी गोम त्यातच आहे. फुगवत फुगवत फोडलेला फुगा पुरता ताणलेला असताना फुटतो. रबरात साठलेली ताकद तेव्हा सर्वांत जास्त असते, म्हणून एका चिरेच्या अनेक चिरा होतात, चिंध्या चहूकडे उडतात आणि आवाजही सर्वांत मोठा होतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या श्रवणतज्ज्ञांनी मोजलं, तेव्हा अशा फुग्याचा आवाज १६८ डेसिबलपर्यंत गेला. टाचणीने फोडलेल्याचा त्याहून कमी भरला. कारखान्यातल्या कामगारांसाठीसुद्धा क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा १४० डेसिबल धरतात. आणि इथे पंप धरलेलं मूल फुग्यापासून हातभर अंतरावर उभं असतं.

दुसरं म्हणजे यात नशीब कमी आणि रबराची जाडी जास्त. एकाच पाकिटातला एक फुगा लवकर दगा देतो, दुसरा दाद देत नाही. थोडी मोठी मुलं हे लगेच ओळखतात, पंप अर्धाच दाबतात आणि सुटतात. मग रडीचा डाव सुरू होतो.

म्हणून नशीब फुग्यात ठेवू नका, टाचणीने फुगा फोडणाऱ्या डब्यात ठेवा; तो कसा बनवायचा ते पुढच्या उत्तरांत आहे. १२ इंची, म्हणजे पूर्ण फुगल्यावर साधारण ३० सेंमी होणारा फुगा २२ सेंमीपर्यंतच फुगवा. हवा पूर्ण फुग्याच्या चाळीस टक्केच लागते. टाचणी लागली की बहुतेक वेळा एकच चीर जाते, दोन-तीन मोठे तुकडे होतात आणि आवाज ऐकून मुलं दचकतात, पण तो पुरत्या ताणलेल्या फुग्याहून कमी असतो. माप अंदाजाने घेऊ नका. जाड पुठ्ठ्याला २२ सेंमी व्यासाचं भोक पाडा आणि फुगा त्यातून जेमतेम जाईल इतकाच भरा.

प्रश्न : बटण दाबल्यावर आपोआप फुगा फोडणारा डबा बनवायचा आहे. थोडंफार आर्डुइनो येतं. काय काय लागेल आणि कुठे चुकतं? (दादर)

उत्तर : सामान लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एसजी-९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर), मोठं पुश-बटण, एक बझर, एक लिमिट स्विच, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, चार एए सेलचा होल्डर आणि चार रिचार्जेबल निकेल-मेटल सेल. फुग्यासाठी झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, आतून किमान ३० सेंमी लांब-रुंद-उंच. मागच्या बाजूला आणि तळाला जुना टॉवेल चिकटवा, आवाज बराच मरतो. झाकण हवाबंद करू नका, कडेला बोटभर फटी राहू द्या.

फुगा धरायला २० मिमी पीव्हीसी पाइपचा ५ सेंमी तुकडा डब्याच्या तळाला उभा बसवा. फुग्याची मान त्यातून ओढून खाचेत अडकवा. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या यासाठी शोधू नका. १ जुलै २०२२ पासून त्यांच्यावर बंदी आहे, आणि त्या तशाही वाकतात.

आता सर्व्होचा हात. सर्व्होसोबत येणाऱ्या छोट्या पट्टीला आइस्क्रीमची काडी जोडून हात ४ सेंमीचा करा, टोकाला ड्रॉइंग पिन दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवा. ग्लू-गनने लावलेली पिन दहाव्या फुग्याला निखळते. हात ६० अंश फिरला की टोक सरळ रेषेत बरोबर ४ सेंमी पुढे जातं. आरामात असताना टोक फुग्यापासून १५ मिमी लांब ठेवा, म्हणजे उरलेले २५ मिमी घुसायला मिळतात. पिनच्या समोरच्या बाजूला, फुग्याच्या पाठीशी, पुठ्ठ्याची किंवा द्रोणाची वाटी टेकवा. ही वाटी नसेल तर पिन फुग्याला ढकलते, फुगा मागे सरकतो, आणि सगळं बरोबर असूनही काहीच होत नाही. पहिल्यांदा बनवणारे नेमकी हीच विसरतात.

जोडणी थोडक्यात अशी. सर्व्होची तपकिरी तार ऋण, लाल तार धन, नारिंगी नॅनोच्या नऊ नंबरच्या पिनला. बटण दोन नंबरची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये, पिनचा आतला पुल-अप (बटण मोकळं असताना पिनचं व्होल्टेज वर धरणारा रोध) चालू करून. चार रिचार्जेबल सेल मिळून ४.८ व्होल्ट होतात. ते नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला आणि सर्व्होला वेगवेगळ्या तारांनी द्या, कपॅसिटर सर्व्होच्या तारांजवळ. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका. सर्व्हो अडला की तो अर्ध्या अँपिअरच्या वर करंट मागतो. ती बॅटरी तेवढा देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि नॅनो रीसेट होतो. पॉवर बँकेची अडचण उलटी: नॅनो एकटा इतका कमी करंट घेतो की मुलं भांडत असेपर्यंत पॉवर बँक झोपी जाते.

लिमिट स्विच झाकणाखाली असा बसवा की झाकण उघडलं की सर्व्होच्या लाल तारेतला वीजप्रवाह तुटेल. कुणाचा हात डब्यात असताना टोकदार पिन हलताच कामा नये, आणि ते प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडायचं नाही. इथे चुंबकवाला रीड स्विच वापरू नका, सर्व्होच्या करंटने त्याची पाती चिकटू शकतात. सर्व्होचा हात मागे ओढून धरायला एक बारीक रबरबँड पुरे.

प्रोग्रॅममध्ये तीन जागी पाय घसरतो. पहिली: सर्व्हो नुसता 'अटॅच' केला की तो ९० अंशांवर जायला निघतो, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच फुगा फुटतो. आधी आरामाचा कोन 'राइट' करा (कोन सांगणारी आज्ञा), मग 'अटॅच' (सर्व्हो पिनला जोडणारी आज्ञा). दुसरी: कोणताही आकडा काढून देणाऱ्या 'रँडम' आज्ञेला बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिलं नाही तर दर वेळी चालू केल्यावर आकड्यांचा तोच क्रम येतो, आणि तिसऱ्या डावाला मुलं तो पाठ म्हणून दाखवतात. पहिल्यांदा बटण दाबलं त्या क्षणीचे मायक्रोसेकंद बीज म्हणून द्या; माणसाचं बोट इतकं अचूक नसतं. तिसरी: १ ते १२ मधला आकडा हवा असेल तर रँडम(१, १३) लिहावं लागतं. वरचा आकडा त्यात धरला जात नाही. रँडम(१, ६) लिहून सहा येण्याची वाट पाहिलीत तर फुगा कधीच फुटणार नाही.

शिवाय बटणाची थरथर. एकदा दाबलं तरी आतले संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाचे तीन दाब मोजले जातात. दाब ओळखल्यावर ५० मिलिसेकंद थांबा, बटण अजून दाबलेलं आहे का पाहा, सुटेपर्यंत पुढचा दाब घेऊ नका. मग दीड-दोन सेकंद बझर टिकटिकू द्या आणि त्यानंतरच निकाल. खेळाची निम्मी गंमत त्या टिकटिकीत आहे.

प्रश्न : प्रत्येक दाबाला सहात एक शक्यता ठेवली. पण आमच्याकडे पहिल्या नंबरवर बसणाराच जास्त वेळा अडकतो. यंत्र बिघडलंय का? (विलेपार्ले)

उत्तर : यंत्र ठीक आहे, गणित तसंच आहे. दर दाबाला नव्याने फासा टाकला, तर पहिल्याला सगळ्यांच्या आधी संधी मिळते. सहा जण गोल बसून फुगा फुटेपर्यंत खेळले, तर पहिल्यावर राज्य येण्याची शक्यता साधारण २५ टक्के, सहाव्यावर जेमतेम १०. खेळ लांबतो ते वेगळंच: बारा दाब होऊनही फुगा शाबूत राहण्याची शक्यता ११ टक्के, आणि तोवर मुलं उठून वेफर्सकडे वळतात.

त्यापेक्षा डावाच्या सुरुवातीलाच यंत्राने १ ते १२ मधला एक आकडा मनात धरावा आणि त्या क्रमांकाच्या दाबाला फुगा फोडावा. सहा मुलांत प्रत्येकाच्या वाट्याला बारापैकी दोन जागा येतात, पहिला काय नि शेवटचा काय. डाव कधीही बारा दाबांच्या पुढे जात नाही, सरासरी साडेसहा. उलट दाबागणिक धाकधूक वाढत जाते, कारण अकरा सुटले तर बारावा नक्की. फक्त आकड्यांची संख्या मुलांच्या संख्येने भागली जायला हवी. सहा मुलं आणि १ ते १० आकडे ठेवलेत, तर पहिल्या चौघांना दोन-दोन जागा आणि शेवटच्या दोघांना एकेकच. पाच मुलं असतील तर १० ठेवा, सात असतील तर १४.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्स जमत नाही. चाळीतल्या मुलांसाठी साधं काही? (गिरगाव)

उत्तर : सहा दोऱ्यांचा डबा. तोच पारदर्शक डबा, पण पिन ३० सेंमीच्या लाकडी पट्टीच्या टोकाला. पट्टी मध्याजवळ एका बोल्टवर सैल फिरती ठेवा, रबरबँडने मागे ओढलेली. डब्याच्या मागे काळ्या कापडाआड सहा नाड्या येतील, प्रत्येकी ६० सेंमी, आतल्या टोकाला एस-हूक, बाहेरच्या टोकाला पडद्याची रिंग. एका नाडीचा हूक पट्टीच्या खालच्या टोकाला अडकवायचा, बाकी पाच नाड्यांचे हूक खिळ्यांना बांधलेल्या रबरबँडना.

रबरबँड सगळीकडे एकाच जातीचे हवेत. नुसत्या मोकळ्या पाच नाड्या ठेवल्यात तर मुलं हळूच ओढून चाचपतात आणि जड लागली ती सोडून देतात. प्रत्येक नाडीला गाठ मारून ओढ पाच सेंमीपुरती मर्यादित करा, नाहीतर कुणीतरी पट्टीच उखडून काढेल.

मागे बसलेल्या मोठ्या माणसाने हूक कुठे लावायचा हे मनाने ठरवू नये. माणसं नकळत टोकाच्या जागा टाळतात, आणि मुलं ते हेरतात. फासा टाकावा, येईल तो आकडा. अर्थात ज्याने हूक लावला त्याने खेळायचं नाही. इथे ओढलेली नाडी बाहेरच राहते, म्हणून सहा जणांत क्रम कोणताही असला तरी प्रत्येकाची शक्यता सहात एकच.

प्रश्न : पिनऐवजी तापलेल्या तारेने फोडलं तर? आणि फुगे गॅसचे घेतले तर छान तरंगतील. (कांदिवली)

उत्तर : दोन्ही नको, आणि दोन्ही एकत्र तर मुळीच नको. फुगेवाल्यांच्या सिलिंडरमध्ये पुष्कळदा हायड्रोजन असतो. तो ठिणगीने किंवा तापल्या तारेने भडकतो आणि ज्वाळा फुग्याएवढी नाही, त्याहून मोठी येते. खात्रीचा हेलियम असला तरी बंद डब्यात तरंगण्याचा उपयोग काय? नायक्रोमच्या (वीज सोडली की तापणाऱ्या) तारेने फुगा हळू आवाजात फुटतो हे खरं, पण ती लाल न होताही बोट भाजते, वितळलेलं रबर तिला चिकटतं आणि पुढच्या डावाला धूर येतो. हातपंप आणि साधी हवा पुरेशी आहे.

प्रश्न : पिन लागते, पण फुगा 'फुस्स' होऊन बसतो. (घाटकोपर)

उत्तर : पिन चुकीच्या जागी लागते आहे. फुग्याच्या बुडाशी, जिथे रंग गडद दिसतो, तिथे आणि मानेजवळ रबर कमी ताणलेलं असतं. तिथे भोक पडतं, पण चीर धावत नाही. पिन पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर येईल अशी सर्व्होची उंची बदला. फुगा १८ सेंमीच्या खाली असेल तरी असंच होतं. सजावटीचा सेलोटेप पिनच्या जागी आला असेल तर तो चीर रोखून धरतो. पिन बोथटली असेल तर बदला, वीसेक फुग्यांनंतर ती बदलावीच.

फुगे आदल्या रात्री फुगवून ठेवू नका. रबर हवेने आणि उन्हाने मरतं, फुगा मळकट पांढुरका दिसू लागला की त्याचा भरवसा संपला. गच्चीवरच्या कार्यक्रमात फुगे उन्हात ठेवलेत तर उलट त्रास होतो: आतली हवा प्रसरण पावते आणि फुगा बटणाची वाट न पाहता फुटतो.

प्रश्न : कोणत्या वयाच्या मुलांना खेळू द्यावं? फुग्यात चॉकलेट आणि चमकी भरली तर? (बोरिवली)

उत्तर : न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्याचा तुकडा आठ वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, अमेरिकेत आणि युरोपात फुग्यांच्या पाकिटावर तशी सूचना छापावी लागते. रबराचा ओला तुकडा श्वासनलिकेवर पडद्यासारखा चिकटतो आणि सहज निघत नाही. छोट्यांना लिंबूटिंबू म्हणून बटण दाबू द्या, पण फुगा फुगवणं आणि डबा उघडणं मोठ्यांकडेच. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी आहे का, हे आमंत्रणातच विचारून घ्या.

चमकी नको, ती डोळ्यात जाते. पंचिंग मशीनचे रंगीत कागदी ठिपके चालतील. चॉकलेट फुग्याच्या तळाशी बसतं आणि पाइपच्या तोंडाशी रबर घासतं, म्हणून चॉकलेटऐवजी घडी केलेली चिठ्ठी घाला आणि बक्षीस बाहेर ठेवा.

प्रत्येक डावानंतर तुकडे टेबलावर पसरून फुगा परत जुळवून पाहा. २२ सेंमीच्या फुग्याचे तुकडे मोजकेच असतात, मानेसकट सगळे हाताशी लागतात. एखादा कमी भरला तर आधी टॉवेलच्या घडीत शोधा, नंतर डब्याच्या फटींच्या बाहेर. तो सापडेपर्यंत पुढचा फुगा लावू नका.