उन्हाळ्याची सुट्टी विसरायची तयारी आहे का?

अरे ओंकार, इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, वॉटरलू विद्यापीठाचा 'को-ऑप' म्हणजे आपली इंटर्नशिपच ना, आणि त्या पगारात फी निघेल का, असं तू विचारलंयस.

फीचं आधी सांगतो: नाही निघणार. बाहेरून आलेल्या मुलांची फी इथल्या मुलांच्या कितीतरी पट असते. पगारातून खोलीभाडं, किराणा आणि फीचा थोडा वाटा सुटतो. पहिले आठ महिने तर कमाईच नाही. त्या भरवशावर तुझ्या आईला कर्ज काढायला लावू नकोस.

आता को-ऑप, म्हणजे अभ्यास आणि पगारी नोकरी आलटून-पालटून. 1957 साली विद्यापीठ सुरू झालं तेच ही पद्धत घेऊन. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची पदवी गणित आणि इंजिनिअरिंग या दोन विद्याशाखा मिळून चालवतात. आठ महिने वर्ग झाले की चार महिने नोकरी, पुन्हा वर्ग, पुन्हा नोकरी. अभ्यासाची आठ सत्रं, नोकरीची सहा. बेरीज कर, चार वर्षं आठ महिने होतात. सुट्टी जवळपास नाहीच.

माझ्या वेळचं ठाण्याचं कॉलेज आठव. वर्गातले कितीतरी प्रोजेक्ट विकत आणलेले. ब्लॅकबुकवर (प्रोजेक्टच्या बांधीव अहवालावर) सोनेरी अक्षरं, दहा मिनिटांची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाले इंजिनिअर! (माझं नाव त्यात धरायचं की नाही, ते तुझ्या आईला विचार.) इथे पोरगं पहिल्याच नोकरीत कुणाच्या तरी जुन्या कोडमधला बग, म्हणजे चूक, शोधत बसतं. रिक्वायरमेंट (काय बनवायचं ते ठरवणं), आर्किटेक्चर (सॉफ्टवेअरची रचना), टेस्टिंग (तपासणी) हे विषय येतात नंतर. तोवर चटका बसलेला असतो, म्हणून ते डोक्यात शिरतात. शेवटचा प्रोजेक्टही गटाने, एकाहून जास्त सत्रं चालतो.

पण नोकरी कुणी ताटात वाढत नाही. वॉटरलूवर्क्स या पोर्टलवर अर्ज, मग मुलाखती. कंपनी मुलांना क्रम देते, मुलं कंपन्यांना देतात, त्यावरून जुळणी होते. तेही परीक्षा तोंडावर असताना. आमच्याकडे भाड्याने राहणारा एक मुलगा पहिल्या खेपेला नकार मोजायचंच सोडून बसला होता. वर दर चार महिन्यांनी बाडबिस्तरा बांधायचा. नोकरी टोरांटोत लागली तर एका बाजूलाच शंभरेक किलोमीटर, रोजचं येणं-जाणं परवडत नाही.

बारावीला केमिस्ट्री सोडू नकोस, प्रवेशाला लागते. स्टडी परमिटसाठी (कॅनडात शिकायच्या परवान्यासाठी) 2024 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना तिथल्या प्रांत सरकारचं पत्रही जोडावं लागतं. विद्यापीठाच्या अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा फॉर्म असतो, तो एजंटकडून लिहून घेऊ नकोस. कच्चा खर्डा मला पाठव, रविवारी बोलू.