गोवा समुद्रातून वर आला, की समुद्र गोव्यात शिरला?

प्रश्न: परशुरामाने सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे हटला आणि गोव्याची भूमी वर आली असं म्हणतात. भूगर्भशास्त्राप्रमाणे यात काही तथ्य आहे का? आणि सह्याद्री हिमालयासारखाच वर उचलला गेला का?

उत्तर:

मी डिचोली तालुक्यातला. बावीस वर्षं लोहखनिजाच्या खाणीवर सर्व्हेअर होतो. खाणी बंद झाल्यापासून लोकांच्या घरांच्या, विहिरींच्या, कुंपणांच्या लेव्हल काढून देतो. भूगर्भशास्त्राची पदवी नाही माझ्याकडे, पण इथली जमीन आतून कशी दिसते ते रोज बघत आलोय. कामावरच्या जिऑलॉजिस्ट लोकांना प्रश्न विचारून सतावायची खोडही होती.

बाणावलीकरांची माफी मागून सांगतो (परशुरामाचा बाण बाणावलीत पडला असं मानतात), अलीकडचा हिशेब कथेच्या अगदी उलटा आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. जगातलं एवढं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर उभं राहून समुद्र दिसलाच नसता. किनारा पन्नासहून जास्त किलोमीटर पश्चिमेला होता, आणि मांडवी-जुवारी तेवढं अंतर आणखी कापून समुद्राला मिळत होत्या. आज ट्रॉलर जाळी ओढतात त्या तळावरून. पुढे बर्फ वितळला, पाणी चढत गेलं आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ येऊन थांबलं. नद्यांनी आधी खोदून ठेवलेल्या दऱ्या त्यात बुडाल्या.

पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत उभे राहाल तेव्हा आजूबाजूला नीट बघा. जेमतेम ऐंशी-नव्वद किलोमीटर धावणाऱ्या नदीला एवढं रुंद पात्र कशाला लागतं? ती बुडालेली दरी आहे, म्हणून. भरतीचा जोर मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. उन्हाळ्यात खारं पाणीही बरंच आत चढतं.

एकदा पिळगावच्या बाजूला मळ्यात विहीर खणायला घेतली होती. वर भाताची माती, खाली निळसर काळा चिखल, त्याला कुजकट वास. चार मीटरवर कालवांच्या शिंपल्या निघायला लागल्या, बोटाएवढ्या जाड, काही अजून मिटलेल्या. त्यांच्या खाली काळं पडलेलं लाकूड, हातात घेतलं की भिजलेल्या बिस्किटासारखं तुटणारं. खणणारा म्हणाला, "हांगा दर्या आशिल्लो." मालकाला विहिरीला खारं पाणी लागलं याचंच दुःख जास्त होतं. माझ्या मनात मात्र परशुरामाची कथा घोळत राहिली. समुद्र इथे होता आणि आता नाही, हे तर डोळ्यांसमोर होतं. फरक इतकाच की आधी तो चढला, आणि मग नद्यांच्या गाळाने, किनाऱ्याच्या वाळूने आणि माणसांनी घातलेल्या बांधांनी त्याला थोडं थोडं मागे ढकललं. सासष्टीच्या किनाऱ्यालगतची वाळूची सपाटी, जिथे बाणावली आहे, ती खरंच समुद्राने अलीकडे सोडलेली जमीन आहे. कथा रचणाऱ्याने जागा अचूक निवडली म्हणायची.

आता थोडी गंमत. फार मागे गेलं तर गोवा समुद्रातूनच आला आहे. आमच्या खाणीतला पट्टेदार लोहयुक्त खडक, एक पट्टा लोखंडाचा आणि एक गारगोटीचा, हा प्राचीन समुद्राच्या तळावर साचलेला थर आहे. त्याचं वय २५० कोटी वर्षांहून जास्त. अनमोड घाटातला नाइस, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला पट्टिताश्म, तर ३०० कोटी वर्षांच्याही पलीकडचा. पण तो समुद्र वेगळा, ती पृथ्वी वेगळी. परशुरामच काय, तेव्हा मासासुद्धा नव्हता.

सह्याद्रीचं म्हणाल, तर हिमालयाशी त्याची तुलना करू नका. हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून उभा राहिला आणि अजून उचलला जातोय. सह्याद्री तुटण्यातून आला. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आपल्यापासून सुटला, नंतर सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स. भाकरी मोडली की मोडलेल्या बाजूला जशी कड राहते, तसा हा पठाराचा पश्चिमेकडचा कडा राहिला. म्हणून बेळगावहून येताना डोंगर चढल्यासारखं वाटतच नाही, आणि चोर्ल्याला आलात की एकदम पायाखालची जमीन संपते.

तुम्ही देशावरचे असाल तर सह्याद्री म्हणजे काळा पाषाण, लाव्हाचे थर, असं डोक्यात पक्कं असेल. गोव्यात तो बेसॉल्ट फक्त ईशान्येच्या टोकाला, सत्तरीत सुर्ल्याच्या बाजूला. बाकी सगळा जुना खडक. तरी कडा महाराष्ट्रातून कर्नाटकात सलग जातो, खडक बदलला म्हणून कुठे अडखळत नाही. म्हणजे हा कडा लाव्हाने घडवलेला नाही. लाव्हा आधी पसरला, सेशेल्सचं तुटणं आणि कड्याचं झिजणं नंतरचं. दूधसागरचा ३१० मीटरचा धबधबा नाइसवरून पडतो, त्यात लाव्हाचा काही संबंध नाही.

मग उचललं जाणं अजिबातच नाही का? आहे, पण ते शांतपणे चालतं. रेतीची होडी बघितली आहे कधी? भरलेली असते तेव्हा काठ पाण्याला टेकलेला असतो. किनाऱ्यावर आणून घमेल्या-घमेल्याने रेती उतरवायला लागले की होडी हळूहळू वर येते. कोणी तिला उचलत नाही, वजन गेलं म्हणून ती येते. भूकवचाचंही तसंच. पावसाने डोंगर घासून माती समुद्रात नेली की जमिनीवरचं ओझं उतरतं आणि ती थोडी वर येते. तोच गाळ समुद्राच्या तळावर साचून तिकडची बाजू दाबतो, त्यामुळे घाटाची कड आणखी वर उचलली जाते. झीज आणि उचल एकाच तराजूची दोन पारडी आहेत. पाऊस डोंगर कमी करतो तसा वरही आणतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस पटलं नव्हतं.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटात त्याहून पुष्कळ जास्त. एवढ्या पाण्याने डोंगर धुऊन जायला हवे होते. प्रत्यक्षात घाटमाथ्यावरच्या आणि खालच्या सखल पट्ट्यातल्या मँगेनीज खनिजांची वयं काढली, तेव्हा असं निघालं की हा कडा किमान ४.७ कोटी वर्षं जवळजवळ होता तिथेच आहे. खालच्या पट्ट्याची झीज दहा लाख वर्षांत फार तर पाच मीटरांच्या आसपास. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाच्या आयुष्यात ती ०.४ मिलिमीटर होते, म्हणजे साधारण नखाच्या जाडीइतकी.

याचं कारण चिऱ्यात आहे. तुम्ही जांभा म्हणता तो. इथे दगड वाहून जाण्याआधी जागच्या जागी कुजतो. उष्ण हवा, चार महिने पाणी, आठ महिने कोरडं. पाणी खडकात मुरतं, त्यातली सिलिका, म्हणजे गारगोटीतलं द्रव्य, आणि इतर विरघळणारं सगळं हळूहळू घेऊन जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. तेच वर गोठून चिऱ्याची ताटली बनते. भारत विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकत होता आणि पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच गरम होती, त्या काळापासून हे चाललंय. चिरा खाणीतून ताजा काढला की कोयत्याने तासता येतो, वारा-ऊन लागलं की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टरने १८०० च्या सुमारास मलबारात लोकांना तो विटेसारखा कापताना बघितलं आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं.

ही ताटली जिथे शाबूत आहे तिथे सडे, म्हणजे सपाट माथ्याची पठारं, आहेत: पर्वरी, वेर्णे, मोपा. एके काळी ही सखल सपाटी होती. जमीन वर आली, नद्यांनी मधून चिरलं, आणि उरलेले तुकडे आज टेबलासारखे उंच दिसतात. गोव्याचे दोन्ही विमानतळ, दाबोळी आणि मोपा, अशा सड्यांवरच आहेत. एवढी सपाट जागा दुसरीकडे मिळणार कुठे? चिऱ्याखाली मात्र पांढरट-जांभळी मऊ माती असते. समुद्राकाठच्या कड्यांवर लाटा ती खालची माती पोखरतात, आणि वरचा चिरा आधार गेला की धोंड्या-धोंड्यांनी कोसळतो. हणजुणे-वागातोरला पायथ्याशी पडलेले ते तांबडे धोंडे याच रीतीने आलेले.

आमचं खनिजही याच कुजण्याची देणगी. पट्टेदार खडकातली सिलिका पाण्याने नेली, लोखंड उरलं, काही ठिकाणी इतकं भुसभुशीत की फावड्याने भरावं. खाणीवर त्या निळसर काळ्या भुकटीला ब्लू डस्ट म्हणत. हे कुजणं इतकं खोल गेलंय की काही खाणींचे तळ समुद्रसपाटीच्याही खाली उतरले होते. माझ्या लेव्हलच्या वहीत उणे चिन्ह आलं त्या दिवशी मी आकडेमोड तीनदा तपासली होती.

कुजणं आणि वाहून जाणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे मला डंपवर समजलं. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती-दगड काढून टाकावा लागतो. त्याचे डोंगर रचले जात. एका मे महिन्यात नव्या डंपच्या उतारावर मी लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येक वीतभर बाहेर ठेवून, घसरण मोजायला. मृगाचे पहिले चार दिवस पाऊस झाला. पाचव्या दिवशी गेलो तर अर्ध्या खुंट्या गायब, आणि उतारावर गुडघाभर खोल घळी पडलेल्या. खालच्या एका शेतकऱ्याचं तरवा टाकलेलं शेत लाल चिखलाने भरलं होतं. त्याने मला शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. जंगलाखालचा उतार हजारो वर्षांत गमावतो तेवढी माती त्या डंपने आठवड्यात सोडली होती. खाणी २०१२ ला थांबल्या, मध्ये काही सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या, २०२४ पासून काही परत सुरू झाल्या. डंप आहेत तिथेच आहेत. काहींवर आता झाडं धरली आहेत.

सरासरी नखाएवढी म्हटलं तरी डोंगर दर वर्षी थोडा थोडा नेमाने झिजत नाही. वर्षानुवर्षं काही नाही, आणि मग एक दिवस. २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात काही तासांत इतका पाऊस कोसळला की डोंगरउतार सुटले आणि गावात चिखल-लाकडांचा लोंढा आला. २३ जुलै २०२१ ला घाटात दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये दरड येऊन रेल्वेगाडी घसरली. सह्याद्रीची खरी झीज अशाच दिवसांत होते. अरबी समुद्र तापतोय, थोड्या वेळात भरमसाट पडणारा पाऊस वाढतोय, तेव्हा असे दिवसही वाढतील असं मी धरून चाललोय.

जाता जाता म्हादईबद्दल, म्हणजे मांडवीच्याच वरच्या प्रवाहाबद्दल. पश्चिमेच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, म्हणून त्या मागे मागे घाट पोखरत जातात आणि पूर्वेच्या संथ नद्यांचं पाणी कधी ना कधी पळवतात. पुस्तकात याला नदीचौर्य म्हणतात. कणकुंबीला मलप्रभा उगम पावून बंगालच्या उपसागराकडे निघते आणि तिथूनच जवळ कळसा नाला म्हादईकडे उतरतो. निसर्गाची चोरी पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि सध्या गोवा-कर्नाटकाचं भांडण चाललंय ते उलट दिशेने पाणी नेण्यावरून.

राहिला समुद्र. तो पुन्हा चढतोय. आमची खाजनं, म्हणजे खारफुटीत बांध घालून काढलेली भातशेती, भरतीच्या पातळीखाली असते. बांधाला मानस असते, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी झडप. मी शिंपल्या बघितल्या त्या मळ्याच्या पलीकडचा बांध काही वर्षांपूर्वी फुटला आणि कोणी दुरुस्त केला नाही. यंदा लेव्हल घ्यायला तिकडे गेलो होतो. कोरगुट भात व्हायचं त्या शेतात तिवराची झाडं माझ्या खांद्याला लागत होती, आणि मुलं गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या काढत होती.